नाशिककर चष्मेवाल्यांनो, ओव्हर-इअर हेडफोन कुठला घ्यावा? रोज आठ तास घालायचाय

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मी इंदिरानगरला राहते, गेली चार वर्षं काम घरूनच आहे, सकाळी साडेनऊला पहिला कॉल लागतो आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत कानावर काहीतरी असतंच. मग जेवणं झाल्यावर तासभर माझं स्वतःचं ऐकणं, बहुतेक ख्याल, कुमारजी, किशोरीताई. दिवसातला तो एक तास मला फार महत्त्वाचा आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

अडचण अशी की मला चष्मा आहे आणि फ्रेम जाड प्लॅस्टिकची आहे. आत्ता जो हेडफोन वापरते, कंपनीचं नाव घेत नाही, तो दीड तास झाला की चष्म्याची काडी कानाच्या वरच्या हाडात रुतायला लागते, चष्मा काढला की तिथे लाल वळ दिसतो, परवा आईने विचारलं की कुठे आपटलीस का. शिवाय मार्च लागला की कानाला घाम, आणि डोक्याला तेल लावलेलं असतं त्याने वरच्या पट्टीचं रेक्झिन सुटत चाललंय, त्याचे काळे पापुद्रे केसात आणि गालाला चिकटतात. आवाज ठीक आहे, पण सगळे म्हणतात तो बेस मला त्यात कधी ऐकूच आला नाही.

बजेट ३० हजारांपर्यंत, एकदाच खर्च करायचा आणि पाच-सहा वर्षं वापरायचं. डोक्यात चार आहेत, सोनीचा एक्सएम५, बोसचा क्यूसी (म्हणजे क्विएटकम्फर्ट), सेनहायझर मोमेंटम ४ आणि अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स (तो बजेटच्या बाहेर जातो, पण भावाकडून घेता येईल). व्हिडिओ बघून गोंधळ वाढलाय फक्त. नाशकात कुणी रोज वापरत असेल तर प्लीज अनुभव सांगा, चष्मेवाल्यांनी तर नक्कीच.

पासहोल्डर_नाशिकरोड
ताई, मी पंचवटी एक्सप्रेसचा पासहोल्डर, रोज मुंबईला जातो. सकाळी सातच्या सुमाराला गाडी पकडायची, एका बाजूने साडेतीन तासांच्या वर, आणि संध्याकाळी तेवढंच परत. माझ्याकडे बोस क्यूसी४५ आहे, २०२१चं मॉडेल, वजन २४० ग्रॅमच्या आसपास. मलाही चष्मा आहे पण काडी तारेसारखी बारीक. इगतपुरी येईपर्यंत घातलाय हेच विसरून जातो मी. दाब अगदी हलका आहे, इतका हलका की खाली वाकून बॅग काढताना हाताने धरावा लागतो.

गाडीचा तो खालचा एकसारखा घरघराट असतो ना, तो जवळजवळ सगळा जातो. शेजारच्यांच्या गप्पा मात्र ऐकू येतात, थोड्या लांबून आल्यासारख्या. कसाऱ्याच्या बोगद्यात शिरताना कानात दडा बसल्यासारखं होतं क्षणभर, पण ते हेडफोन न घालताही होतंच. बॅटरी कंपनी २४ तास सांगते, मी दर तिसऱ्या दिवशी चार्ज करतो. डोळे झाकून घ्या.

सिडको_०९
पासहोल्डर दादा, कम्फर्ट ठीक आहे हो पण पैसे आपण आवाजाचे देतो ना? ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धती असतात, त्यांना कोडेक म्हणतात, तर क्यूसी४५ मध्ये एलडॅक नाही, अॅपटीएक्स नाही, फक्त एसबीसी आणि एएसी. सोनीमध्ये एलडॅक आहे, ९९० केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातो. मोमेंटम ४ ला अॅपटीएक्स अॅडॅप्टिव्ह आहे, ४२ एमएमचा ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) आहे आणि बॅटरी ६० तास, म्हणजे बाकीच्यांच्या दुप्पट. मी स्वतः वायरवाला एटीएच-एम५०एक्स वापरतो, ३८ ओहमचा आहे, फोनवरपण मस्त वाजतो. माझ्या मोठ्या भावाकडे एक्सएम५ आहे, तो घड्या होत नाही, नुसता आडवा वळतो, त्यामुळे केस मोठी आहे, पण घरातच वापरायचा तर त्याने काय फरक पडतो. माझं मत मोमेंटम ४ नाहीतर एक्सएम५.

ताई, तुमचा फोन आयफोन असेल तर मात्र एलडॅक विसरा, त्यात येत नाही.

गोदाकाठची
आयफोनच आहे रे. आणि खरं सांगू का, केबीपीएसमधलं मला काही कळत नाही, काडी रुतायची थांबली तर आधी बरं वाटेल.

ओझरकर_काका
ताई, धागा आवडला, कारण नेमका प्रश्न विचारला आहेत. मी एचएएलमधून, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो, आयुष्याची तीसेक वर्षं शॉप फ्लोअरवर गेली, कानाची किंमत मला कळते.

माझ्याकडे सेनहायझर एचडी ६०० आहे. हे मॉडेल १९९७ साली आलं आणि अजून विकलं जातं, यातच काय ते समजा. वजन साधारण २६० ग्रॅम, कानाभोवती मखमलीसारख्या लांबट गाद्या, आणि मागची बाजू जाळीची, उघडी. उघडी असल्यामुळे कानाशी हवा कोंडत नाही, वैशाखात दुपारी दोनला मी पंख्याखाली बसून दीड तास ऐकतो, कान तापत नाहीत. गायकाचा गळा त्यात जसा उभा राहतो तसा मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

आता अडचणीही सांगतो. तुम्ही जे ऐकाल ते शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाणार आणि घरातला मिक्सर तुम्हाला ऐकू येणार. कॉलसाठी माइक नाही. इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे त्यामुळे नुसत्या फोनवर आवाज बारीक येतो, मध्ये छोटा डॅक-अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारी डबी, जोडावा लागतो. आणि नवा असताना डोक्याला चांगलाच आवळतो! मी चार रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला होता, गठ्ठा डोक्यापेक्षा जरासाच रुंद घ्यायचा, जास्त नाही, मग सैल झाला. गाद्या, केबल, पट्टीचा स्पंज, सगळं सुटं मिळतं आणि घरी बदलता येतं. पाच-सहा वर्षं म्हणालात म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

संकलनवाली
काकांना +१. माझं कामच कानांवर आहे, मराठी ऑडिओबुकांचं संकलन करते, तिडके कॉलनीत छोटी खोली आहे, भिंतींना गोधड्या लावलेल्या. रोज सहा-सात तास हेडफोन कानावर असतो, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, आणि चष्मा मलाही आहे.

ताई, तुमच्या पोस्टमधली दोन वाक्यं मला वेगवेगळी वाटत नाहीत. काडी रुतते आणि बेस येत नाही, हे एकच दुखणं आहे. बंद कपाच्या हेडफोनमध्ये गादी डोक्याला सगळीकडून नीट टेकली तरच खालचे सूर आत राहतात. चष्म्याची जाड काडी गादीखालून जाते तेव्हा तिच्या पुढे-मागे फट राहते आणि खर्ज त्या फटीतून निघून जातो. वरचे सूर जात नाहीत, खालचे जातात. म्हणून आवाज पत्र्यासारखा पातळ लागतो आणि आपण हेडफोनला नावं ठेवतो.

आत्ता उठा आणि करून बघा. तानपुरा किंवा तबल्याचा डग्गा ठळक असलेलं काहीही लावा, चष्म्यासकट ऐका, मग हेडफोन न हलवता फक्त काडी अलगद बाहेर ओढा. काय होतं ते इथे लिहा.

अजून एक. बंद हेडफोन घालून बोललं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाहेरून कमी ऐकू येतो, त्यामुळे माणूस नकळत मोठ्याने बोलतो, संध्याकाळपर्यंत घसा बसतो. दिवसभर कॉल असतील तर बोलताना स्वतःचा आवाज कानात परत देणारी सोय आहे का ते बघाच, बोस, सोनी, सेनहायझर तिघांच्याही अॅपमध्ये ती मिळते, नाव वेगवेगळं असेल.

गोदाकाठची
संकलनवाली ताई!!! आत्ता केलं. माझ्या अंगावर काटा आला हो. डाव्या बाजूची काडी ओढली आणि डाव्या कानात डग्गा अचानक भरला, म्हणजे आधी नुसती थाप येत होती, आता थापेनंतरची ती घुमणारी शेपटी पण आली. उजव्या कानात अजून पातळच. दोन कानात दोन वेगळे हेडफोन घातल्यासारखं वाटलं. तीन वर्षं मी हे असं ऐकत होते? फार वाईट वाटतंय खरंच. आईला पण ऐकवलं, तिला चष्मा नाही, ती म्हणाली मला तर छानच ऐकू येतंय की.

आणि घसा, तो तर रोज संध्याकाळी बसतो. मला वाटायचं एसीमुळे.

भद्रकालीकर
मध्येच विचारतो, माफ करा. नॉइज कॅन्सलिंगने ढोल जातो का? आमच्याकडे गणपतीच्या आधी महिनाभर सराव चालतो, नाशिक ढोल, रात्री अभ्यासाला बसता येत नाही.

संकलनवाली
भद्रकालीकर, पूर्ण नाही जाणार. बाहेरचा आवाज माइकने घ्यायचा आणि त्याची उलटी लाट तयार करून तो मारायचा, असं ते काम चालतं. पंखा, कूलर, बसचं इंजिन, गाडीचा घरघराट, असा खालच्या पट्टीतला एकसारखा आवाज त्याला चांगला जमतो. ढोल खालच्या पट्टीत असला तरी तो ठोका आहे, दर वेळी नवा आणि अचानक, शिवाय टिपऱ्यांचा आणि ताशाचा कडकडाट वरच्या पट्टीत. आणि नाशिक ढोल नुसता कानाने कुठे ऐकतो आपण, छातीत वाजतो तो. कमी होईल, जाणार नाही. कुकरची शिट्टी आणि माणसांचं बोलणं तसंच, ते गादीने अडवलं तेवढंच अडतं.

सिडको_०९
ताई ती काडीवाली टेस्ट मी आमच्या आजोबांचा चष्मा लावून केली, एम५०एक्सवर. बेस खरंच अर्धा होतो. भावाच्या एक्सएम५ वर एएनसी (म्हणजे नॉइज कॅन्सलिंग) चालू ठेवून केली तर फरक पडला पण एवढा नाही. असं का?

संकलनवाली
छान केलंस, हे बघायला हवंच होतं. एएनसीवाल्या हेडफोनमध्ये कपाच्या आत, कानाशी पण एक माइक असतो. आत प्रत्यक्ष काय वाजतंय ते तो सतत ऐकत असतो आणि खालचे सूर कमी पडले तर काही प्रमाणात भरून काढतो. त्यामुळे चष्मा असला तरी बेस बराच टिकतो. फटीतून बाहेरचा गोंगाट मात्र आत येतो, म्हणजे कॅन्सलिंगची ताकद घटते.

ओझरकर_काका
असं करू या का? येत्या रविवारी ज्यांच्याकडे जे आहे ते घेऊन एकत्र बसू. लिहून किती लिहिणार. संकलनवाली ताईंची खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं.

संकलनवाली
या सगळे. सकाळी दहाला. सहापेक्षा जास्त माणसं मावणार नाहीत एवढंच. चष्मेवाल्यांनी चष्मा घालूनच या, लेन्स लावून येऊ नका.

गोदाकाठची
रविवारचा वृत्तांत लिहायचा शब्द दिला होता, तो पाळतेय. लांबलाय, निवांत वाचा.

आम्ही पाच जण होतो. टेबलावर बोस क्यूसी४५, सोनी एक्सएम५, मोमेंटम ४, एअरपॉड्स मॅक्स, डीटी ७७० आणि काकांचा एचडी ६००. ताईंनी आधीच बजावलं होतं की दोन हेडफोनमध्ये एक जरासा मोठा वाजत असला तर कान त्यालाच चांगला म्हणतो, म्हणून त्यांनी छोटा माइक गादीत धरून सगळ्यांचा आवाज जमेल तितका सारखा करून घेतला, त्यात पाऊण तास गेला पण तो वाया नाही गेला, कारण त्याआधी मी मोमेंटमला सरळ पहिला नंबर देऊन बसले होते आणि आवाज सारखा केल्यावर सोनी आणि तो जवळजवळ शेजारी आले.

आधी कम्फर्ट. प्रत्येक हेडफोन चष्म्यासकट सलग पाऊण तास घालायचा असं ठरवलं होतं, पण सगळ्यांचं तेवढं झालं नाही, माझे बोस, सोनी आणि एअरपॉड्स मॅक्स असे तीन झाले. बोस सगळ्यात हलका बसला, काडी जाणवली पण रुतली नाही. सोनीचं वजन २५० ग्रॅम, गादी फार मऊ, कानाला आत जागा भरपूर, दाब बोसपेक्षा कणभर जास्त. मोमेंटम ४ हा २९३ ग्रॅमचा, ते ४० ग्रॅम डोक्यावर लगेच कळत नाहीत, मान खाली घालून वाचायला लागलं की कळतात. एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमचा, पण त्याची वरची पट्टी जाळीच्या कापडाची आहे, वजन डोक्यावर पसरून जातं, टाळूला एका जागी टोचत नाही, आणि गाद्या कापडी असल्याने घाम सगळ्यात कमी. तरी आठ तासांसाठी माझी मान तयार नाही. डीटी ७७० मखमली गाद्यांचा, मऊ, पण बंद असल्यामुळे आत ऊब धरतो, नाशिकच्या डिसेंबरात छान वाटेल. पासहोल्डर दादांचं डोकं मोठं आहे, त्यांना मोमेंटम आवळला, सिडकोवाल्या मुलाला तोच एकदम फिट बसला. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावरचा रिव्ह्यू आपल्याला किती उपयोगाचा ते बघा.

आता आवाज. ताईंनी त्याच खोलीत कधीतरी एका शिष्येचा तानपुरा रेकॉर्ड करून ठेवला होता, फक्त तानपुरा, सहा मिनिटं. आणि तोच तानपुरा कोपऱ्यात उभा होता! त्यांनी तो आधी प्रत्यक्ष छेडून ऐकवला, मग रेकॉर्डिंग. सोनीवर खर्जाची तार फुगून आली, गोल, मोठी, ऐकायला सुखद, पण समोर वाजलेली तार तशी नव्हती. अॅपमध्ये बेस दोन पायऱ्या खाली केल्यावर बरीच जागेवर आली. बोसवर तारा स्वच्छ पण जरा लांब उभ्या. मोमेंटमवर अंगभर आवाज, जवारीची झणझण सोनीपेक्षा सुटी. डीटी ७७० वरच्या पट्टीत इतका उजळ की बोट तारेवरून सुटतानाची खरखर आधी आली आणि सूर नंतर, ताई म्हणाल्या म्हणूनच मला हा कामाला लागतो, निवेदकाच्या स आणि श मधला दोष लगेच सापडतो.

मग एचडी ६००. काकांनी स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला, काडी नीट केली. मला वाटलं ताईंनी परत तानपुरा छेडायला घेतला, मी मान वळवून कोपऱ्यात बघितलं. त्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. जवारी म्हणजे तारेखाली तो दोरा असतो ना, तार घोडीला हलकी घासत जाते त्याने जे सूर एकातून एक उलगडतात, ते मला त्यात मोजता आले. खाली अगदी तळाचा बेस त्यात कमी आहे हे ताईंनी दाखवलं आणि ते खरंय, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला कमी वाटेल. मला त्या क्षणी काही कमी वाटलं नाही. चष्म्याने फरक पडला, पण बंद कपांपेक्षा कमी.

शेवटी ताईंनी पंखा पाचवर आणि शेजारी टेबलफॅन लावला. बोस आणि सोनीने दोन्ही पंखे जवळजवळ पुसून टाकले, मोमेंटम थोडा मागे. एचडी ६०० मध्ये तानपुऱ्यापेक्षा पंखाच जास्त.

पासहोल्डर_नाशिकरोड
वृत्तांत झकास ताई. मी तिथे बोललो नाही पण इथे लिहितो, एचडी ६०० ऐकल्यापासून सोमवारी गाडीत बोस घातला तर पहिली दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटलं. कल्याण येईपर्यंत सवय झाली. गाडीत तो उघडा हेडफोन काही कामाचा नाही हेही खरं.

सिडको_०९
मी कोडेकबद्दल जे बोललो त्यात दुरुस्ती. रविवारी सोनी माझ्या फोनवर एलडॅकवर आणि ताईंच्या आयफोनवर एएसीवर लावून बघितला, आवाज सारखा करून, मला सहापैकी तीनदा ओळखता आलं, म्हणजे ओळखता आलंच नाही. गादी नीट बसवल्यावरचा फरक डोळे मिटून ओळखला. तरी मोमेंटमची ६० तासांची बॅटरी हा मुद्दा मी सोडणार नाही, रविवारी चार्ज केला की आठवडा निघतो.

संकलनवाली
बॅटरीचं पटतं. आणि ताई, तुम्ही आठ तास घालणार म्हणून आठवण करते, जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते. तुमचे कामाचेच ४० तास होतात. पंखा-कूलर हेडफोनने मारला की कॉलचा आवाज आपोआप खाली ठेवता येतो, एएनसीचा मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. दर तासाला पाच मिनिटं कान मोकळे सोडा.

गोदाकाठची
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

सगळ्यात आधी चष्मा बदलला. एम.जी. रोडला जाऊन टायटॅनियमची बारीक काडी असलेली फ्रेम घेतली, दुकानात जुना हेडफोन घेऊनच गेले होते, पाच फ्रेम घालून डग्गा ऐकला, दुकानदार काकांनी कौतुकाने सगळं करू दिलं. जुन्याच हेडफोनमध्ये बेस आला! मग बोसचा क्विएटकम्फर्ट घेतला, क्यूसी४५ नंतर २०२३ मध्ये आलेला, बांधा जवळपास तसाच, सेलमध्ये बजेटच्या बराच आत बसला. कॉलवर स्वतःचा आवाज कानात ठेवते, घसा आता बसत नाही. काल सव्वाचार तास सलग झाले आणि वळ उठला नाही, आरशात जाऊन बघितलं मी. तेल लावलेल्या दिवशी डोक्याला सुती रुमाल बांधते, आणि रात्री गाद्या कोरड्या फडक्याने पुसते.

उरलेले पैसे बाजूला ठेवलेत, एचडी ६०० साठी. काकांनी त्यांचा आठवडाभर वापरायला दिलाय, अँपसकट. रात्री मी ऐकत असताना आई शेजारी भाजी निवडत बसते, जाळीतून बाहेर येतो तेवढाच आवाज तिला पुरतो म्हणे, परवा मी बंद केला तर म्हणाली अगं द्रुत राहिलं ना.

काका, रविवारी आणून देते, आईने तुमच्यासाठी कुरडया काढून ठेवल्यात.

ओझरकर_काका
घाई नाही. अजून एक आठवडा ठेवा, आईंचं ऐकून होऊ दे. फक्त रात्री खुंटीला टांगू नका, पट्टी एका बाजूने ताणली जाते. टेबलावर आडवा ठेवा.

भद्रकालीकर
तो गाद्या बदलायचा प्रकार माझ्या जुन्या हेडफोनला पण होतो का? पापुद्रे माझ्याकडेही पडतायत.

संकलनवाली
बहुतेकांना होतो. मॉडेलचं नाव आणि गादीची लांबी-रुंदी मोजून इथे टाका, सांगते.